सेंट्रलचं पान

वायोमिंग, ११ फेब्रुवारी १९६२

आत्या,

आणि वर विचारतेस, काही चुकलं असेल तर कळव. चुकलंय. तू नेहमी करतेस तेच परत केलंयस, आणि या खेपेला मी गप्प बसणार नाही.

साडेतीन वर्षांत तुझं हे पहिलं पाकीट. वरचं अक्षर ओळखलं आणि वाटलं, आजारी पडलीस. तेलविहिरीवरची पोरं बघत होती म्हणून बाहेर थंडीत जाऊन उघडलं. आत काय, तर टाइप केलेला कागद, काउंटीच्या पुस्तकात छापायचं आपलं पान. 'लॅथ्रॉप काउंटीची पंचाहत्तर वर्षं. ओक्स कुटुंब.' आणि सोबत चिठ्ठी, 'वेन, वाचून परत पाठव. काही चुकलं असेल तर कळव. तुझा फोटो असल्यास पाठव. कान झाकत जा.' बस. अजून तू लांबच्या कॉलची मिनिटं मोजल्यासारखी लिहितेस.

वाचायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे, पण वाचलं. आजोबा १८८६ साली दोन बैल घेऊन आले. बैलांची नावं दिलीस, ड्यूक आणि जनरल. जनरल कोणत्या हिवाळ्यात मेला तेही दिलंस. मग माझे बाबा, क्लेल. माझी आई, रूथ. ती माझ्या जन्माच्या वेळी गेली आणि बाबा ट्रॅक्टरखाली गेले हे तू थोडक्यात आणि नीट लिहिलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग मी, 'मुलगा वेंडेल, सध्या बाहेरगावी'. आणि सगळ्यांत शेवटी दोन शब्द, 'आणि हेस्टर'.

आणि हेस्टर. बैलाला सव्वा ओळ आणि तुला दोन शब्द.

बाबा गेले तेव्हा सात वर्षांच्या मला कोणी उचलून नेलं, सांग बरं. ब्रायसनमध्ये एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डापुढे कोण बसलं? अख्खी काउंटी तुला सेंट्रल म्हणायची. लुंडांच्या धाकट्याला तर शाळेत जाईपर्यंत वाटायचं की तुझं नावच ते आहे. कंपनीचं ते दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत बोर्ड, बोर्डाच्या मागे माझी खाट. कुठेतरी कुणी फोनची मूठ फिरवली की बोर्डावरची त्याची पत्र्याची झडप टप्पकन पडायची. तू दोरी खोचायचीस आणि म्हणायचीस, "सेंट्रल. कोण हवंय?" दुसऱ्या पोरांना अंगाई असते. मला हे होतं.

आणि अठ्ठावन्न साली बोटाने फिरवायचे फोन आले तेव्हा काय झालं, तेही लिही की तुझ्या इतिहासात. कंपनीचा तो गुळगुळीत दाढीचा माणूस आला, पक्कड काढली, आणि तुझ्या देखत एकेक दोरी कापायला लागला. तू त्याला विचारलंस, "साखर किती चमचे?" त्याने जाताना तुला छातीला लावायची पितळी पिन दिली आणि घर महिन्यात रिकामं करायला सांगितलं. तू आभार मानलेस. मी म्हटलं, आत्या, काहीतरी बोल त्याला. तू म्हणालीस, "वेन, पाहुण्यासमोर आवाज चढवायचा नाही."

त्याच आठवड्यात मी शाळा सोडली आणि गावही. तू म्हणालीस, जातोयस तर मग माझ्यापुढे रडत परत येऊ नकोस. मी म्हटलं, परत येतोय कोण. दोघांनीही शब्द पाळला.

तर फोटो मिळणार नाही. तुझा छापलास तर माझा मिळेल.

वेन

ता.क. कान झाकतो.


वायोमिंग, १८ मार्च

आत्या,

तुझं उत्तर पोचलं. चिठ्ठी नव्हती ती, सरकारी नोटीस होती. नियम एक, दर कुटुंबाला अर्धं पान. नियम दोन, संसार करणाऱ्यांची नावं आणि त्यांची मुलं. नियम तीन, घरच्यांनी जे लिहून आणलं ते जसंच्या तसं छापायचं, लिहिणाऱ्या बाईने त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. आणि खाली, 'सेंट्रलचं काम जोडून देणं. मध्ये बोलणं नव्हे.'

हे तू मला लहानपणापासून ऐकवतेस. तारेवरून कानावर पडलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. मी कधी नेलं नाही, हेही तुला माहीत आहे. डॉक्टर प्रुइटांची बायको माहेरी का गेली हे मला नवव्या वर्षी ठाऊक होतं आणि मी त्यांच्या मुलाबरोबर गोट्या खेळलो.

सोबत तू जो गठ्ठा पाठवलास, ओढ्यांची आणि रँचांची नावं तपासायला, तो वाचून मात्र मी इतका हसलो की झोपायच्या खोलीतल्या पोरांनी बूट फेकून मारला. टॉलिव्हरांचं पान. 'थोरले टॉलिव्हर यांनी १८८९ साली न्यायालयाचे कागदपत्र जुन्या गावाहून ब्रायसनला सुरक्षितपणे हलवले.' हलवले. आत्या, त्या माणसाने पहाटे कचेरीची खिडकी फोडली आणि कागद बटाट्यांखाली लपवून गाडीतून पळवले. म्हणून तर काउंटीची कचेरी ब्रायसनला आली आणि जुनं गाव मेलं. म्हातारा हे स्वतः गावभर सांगायचा आणि प्रत्येक खेपेला बटाट्यांची पोती वाढायची.

मला दिसतंय डोळ्यांसमोर. शाळेच्या खानावळीच्या टेबलाशी तू टाइपरायटर घेऊन बसलीस, समोर पर्डीबाई, पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष, हॅटसकट.

"हेस्टर, आमचे आजोबा दारू पीत नव्हते असं लिही."

"लिहिते. मग काय करत होते म्हणून लिहू?"

"बाग."

"बाग कुठे होती?"

"हेस्टर, तू लिही गं."

आणि तू लिहिलंस. आहे इथे, पान नव्वद. 'बागेची आवड.' त्या वाळूच्या टेकड्यांत गवताशिवाय काही उगवत नाही, आणि पर्डी आजोबांना बागेची आवड.

पण लुंडांच्या पानावर माझं हसू थांबलं. 'जानेवारी १९४९ च्या बर्फवादळात, डॉक्टर प्रुइट यांच्या टेलिफोनवरील मार्गदर्शनाने, घरीच मुलाचा जन्म. डॉक्टरांच्या स्मरणार्थ मुलाचे नाव वॉल्टर.' स्मरणार्थ काय, डॉक्टर अजून जिवंत आहेत, ते आधी दुरुस्त कर.

मी तिथे होतो, आत्या. आठ वर्षांचा. खाटेवर, तुझ्या पाठीमागे. बर्फाने तार अशी झाली होती की डॉक्टरांना बाईचं ऐकू येईना आणि बाईला डॉक्टरांचं. दोघांनाही फक्त तुझं ऐकू येत होतं, कारण तू मधोमध होतीस. मग डॉक्टरांचं वाक्य तू तिला सांगायचीस, तिचं डॉक्टरांना. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. बिनलग्नाची बाई तू, आणि ते शब्द. तुझे कान शेंदरासारखे लाल झाले होते. ते सगळं बाळंतपण तुझ्या तोंडून झालं. आणि पोराचं नाव वॉल्टर.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक खोटं आहे. टॉलिव्हरचं खोटं मला चालतं, त्यात मजा आहे. तुझं चालत नाही.

इथलं काम संपत आलं. पुढे कुठे ते ठरलं की पत्ता कळवीन. तिकडे ब्रायसनला म्हणे सगळ्या पुरुषांनी काउंटीच्या पंचाहत्तरीच्या जुबिलीपर्यंत दाढी वाढवायची आणि जो दाढी करेल त्याला चौकातल्या लाकडी तुरुंगात टाकतात. पर्डीसाहेबांना म्हणावं, मीही वाढवतोय. इथे पाणी गरम करायचा कंटाळा म्हणून, पण धरा हिशेबात.

वेन


ओरेगन, २९ एप्रिल

प्रिय आत्या,

हे अक्षर माझं नाही. मी सांगतोय आणि आइनो लिहितोय. आइनो आमच्या लाकूडतोडीच्या छावणीचा स्वयंपाकी, फिनलंडचा, माझ्या बापाच्या वयाचा. माझ्या उजव्या हाताला थोडं लागलंय. किरकोळ आहे. (आइनो म्हणतो, किरकोळ लिहिणार नाही. मी म्हटलं, पत्र माझं आहे. तो म्हणतो, पेन माझं आहे.) बरं, तर दोन बोटं ओंडक्याला बांधायच्या तारेत अडकली. दोन्ही जागेवर आहेत, फक्त चपटी झालीत. महिन्यात येतील कामाला. पगार अर्धा चालू आहे. तू लगेच गाडीत बसू नकोस.

इथे झाडं आहेत, आत्या. आपल्याकडे कचेरीपुढच्या त्या एका कॉटनवुडच्या झाडाखाली फोटो काढायला लोक रांग लावतात. इथे मान मागे टाकली तरी झाडाचा शेंडा दिसत नाही, आणि आभाळ तर मी तीन आठवडे पाहिलेलंच नाही. पहिल्या दिवशी मला श्वास घेता येईना. फोरमनने विचारलं, उंचीची भीती वाटते का? मी म्हटलं, नाही, मला लांबचं दिसत नाहीये.

तेलविहिरीवरचं काम संपत आलं असं मागे लिहिलं होतं. संपलं नव्हतं. मीच सोडलं. का ते विचारू नकोस, मलाही सांगता येत नाही. पाय एका जागी राहत नाहीत.

आइनो विचारतोय, ही आत्या कोण एवढी मोठी, की तिला इतकं सगळं सांगावं लागतं. मी त्याला बोर्डाचं सांगितलं. लुंडबाईचं सांगितलं. तो कांदा चिरत होता, थांबला. म्हणाला, "आमच्याकडे अशा बाईचं नाव गायीला तरी देतात." म्हणजे मोठा मान आहे तो, रागावू नकोस.

त्याने मला एक गोष्ट करायला लावली. म्हणाला, "तू उगाच आत्याशी भांडतोस. ज्या बाईला मूल झालं तिला विचार." तर मी लुंडबाईंना पत्र धाडलंय. काय उत्तर येतं बघू.

आता आइनो जातोय. पुढचं मी डाव्या हाताने लिहिणार आहे, कारण ते त्याच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

आत्या, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

नायगार्डचं पान मी परत वाचलं. अँडर्स नायगार्ड. बायको नाही, पोर नाही, नात्याचं कुणी नाही, काउंटीच्या पार टोकाला एकटा. पर्डींना अर्धं पान, टॉलिव्हरांना अर्धं पान, आणि त्याला सव्वा पान. त्याची पवनचक्की कोणत्या वाऱ्यात कशी करकरायची ते आहे. दोन्ही कुत्र्यांची नावं. पंचांग मोठ्याने वाचायची सवय. घरचं कुणी नसताना हे लिहून कुणी आणलं?

पुस्तकात आडनावं क्रमाने आहेत. त्याच्यानंतर लगेच आपण. त्याचं सव्वा पान आपल्या पानावर सांडलंय, म्हणून आपलं कापावं लागलं. आजोबांना कापता येत नव्हतं. बैलांना तू कापलं नाहीस. तू स्वतःला कापलंस.

रोज संध्याकाळी साडेआठला त्याची झडप पडायची. मी जेवून खाटेवर असायचो.

"सेंट्रल. कोण हवंय?"

"कुणी नको. किती वाजले?"

"साडेआठ, मिस्टर नायगार्ड."

"इकडे वारा आहे."

"इकडेही आहे."

"बरं. आभारी आहे."

तुझं अर्धंच ऐकू यायचं मला, पण त्याचं अर्धं ठरलेलंच होतं. त्याच्या घरी दोन घड्याळं होती. मी तुझे निरोप घेऊन घोडीवरून जायचो ना, पाहिलीत मी, दोन्ही चालू, दोन्ही बरोबर. त्या एकाच सामाईक तारेवर अजून सात घरं जोडलेली होती आणि साडेआठ झाले की सातही घरं हळूच फोन उचलायची. जितके जास्त ऐकणारे, तितका आवाज बारीक. त्यांना काय मिळालं? वेळ आणि वारा. इतकी वर्षं.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात तो गेला, त्यानंतर तू साडेआठला उठून उगीच कॉफी गरम करायचीस. मी कधी विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. फक्त एवढंच म्हणतो की पान त्याला दिलंस ते बरं केलंस. मी फेब्रुवारीत ओरडलो तेव्हा मला हे दिसलं नव्हतं.

पण तरी तुझं पान हवंच.

वेन


ओरेगन, २७ मे

आत्या,

हे माझं अक्षर. वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे.

तुझं पत्र मोठं आलं, दोन बाजू भरून. एक बाजू नुसती माझ्या बोटांवर. मीठ-पाण्यात बुडवतो. आइनोने सांगितलेलं लोणीही लावतो, ते तुला पटणार नाही. नायगार्डबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'त्याच्याबद्दल लिहायला कुणी नव्हतं.' मी ती वाचून पत्र घडी करून ठेवलं आणि संध्याकाळी परत उघडलं.

मग तू तुझ्याबद्दल लिहिलंस. तू रागावशील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी तू लिहिलंस, 'वेन, मी बसले होते लिहायला. अर्धा तास टाइपरायटरपुढे. माझ्याजवळ जे आहे ते सगळं दुसऱ्यांचं आहे. माझं म्हणून काय लिहू? मध्ये बसणाऱ्या बाईला गोष्ट नसते.' आणि छपाईवाला दहा जूनला शेवटची पानं मागतोय.

आता हे ऐक. लुंडबाईंचं उत्तर आलं. त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, मी तसंच उतरवतो.

'वेंडेल, मी डॉक्टरांचा आवाज त्या दिवशी ऐकलाच नाही. पोराचं नाव वॉल्टर ठेवलं ते माझ्या नवऱ्याने, मी तापात होते. मला आठवतो तो हेस्टरचा आवाज. ती दर वाक्याआधी म्हणायची, डॉक्टर म्हणतात. डॉक्टर म्हणतात, गुडघे वर घे. डॉक्टर म्हणतात, आता जोर दे. एकदा तर म्हणाली, हे डॉक्टरच म्हणताहेत बरं का, माझ्यावर रागावू नकोस. मला कळा चालू असताना हसू आलं. पहाटेकडे मी म्हटलं, आता मी मरते. तेव्हा तिकडून आवाज आला, मी इथे आहे, मी कुठेही जात नाही. इतकी वर्षं माझ्या मनात आहे की हे डॉक्टरांनी सांगितलं होतं की हेस्टरने. तिला विचारायची लाज वाटते. तुला माहीत आहे का?'

मला माहीत आहे, आत्या. मी जागा होतो. रात्रभरात ते एकच वाक्य होतं ज्याच्या आधी 'डॉक्टर म्हणतात' नव्हतं.

सेंट्रल मध्ये बोलत नाही म्हणे. बोललीस. एकदाच, पण बोललीस, आणि त्या बाईने ते तेरा वर्षं जपून ठेवलंय. ते दुसऱ्या कुणाचं नाही. ते तुझं आहे.

आता नियम तीन. घरच्यांनी लिहून आणलेलं जसंच्या तसं छापायचं, लिहिणाऱ्या बाईने शहाणपण घालायचं नाही. तुझ्या हातचं आहे हे, माझ्याकडे जपून ठेवलंय. मी घरचा आहे. मी लिहून आणलंय. आइनोने स्पेलिंगं बघितली, बाकी शब्द माझे.

'हेस्टर ओक्स. जोसाया ओक्स यांची मुलगी. १९२७ ते १९५८ ब्रायसनची सेंट्रल. लग्न केलं नाही. भावाचा मुलगा सात वर्षांचा असल्यापासून वाढवला. तो धड शिकला नाही यात तिची चूक नाही. एकोणपन्नासच्या बर्फवादळात लुंडांच्या रँचची तार बिघडली तेव्हा डॉक्टरांचा शब्द न् शब्द तिने लुंडबाईंना सांगितला आणि लुंडबाईंचा डॉक्टरांना. त्यात एक वाक्य तिचं स्वतःचं होतं. लुंडबाईंना विचारा, त्या सांगतील. एकतीस वर्षं तिने या काउंटीचं सगळं ऐकलं आणि कुणाचं कुणाला सांगितलं नाही. या पुस्तकातली बाकीची पानं तिने लिहिली आहेत. हे तिच्या पुतण्याने लिहिलं.'

एक शब्द हलवायचा नाहीस. बागेची आवड घालायची नाहीस.

माझ्या नावापुढचं 'सध्या बाहेरगावी' राहू दे, ते खरं आहे. नायगार्डची एक ओळही कापू नकोस. समितीच्या कागदात मागे बारीक अक्षरांत आहे की कुणाला जास्त जागा हवी असेल तर विकत मिळते, तर आपण विकत घेऊ. त्याचं सव्वा पान संपतं तिथून आपलं सुरू होईल. पान उलटायचीसुद्धा गरज नाही.

तुझा फोटो सोबत आहे. फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, बोर्डापुढे, कानाला यंत्र, हसायच्या बेतात आहेस. मी निघताना कपाटाच्या खणातून नेला होता. तुला वाटलं असेल हरवला. वायोमिंगला पाऊस लागून कोपरा गेलाय, पण चेहरा नीट आहे. छपाईसाठी ठसा काढून झाला की परत पाठव, मला हवा आहे. माझाही एक धाडतोय, दाढीसकट. पर्डीसाहेबांना दाखव.

जुलैत जुबिलीच्या मिरवणुकीला येईन असं म्हणत नाही. आइनो म्हणतो अलास्काला मासळीच्या कारखान्यात माणसं हवी आहेत, आणि माझे पाय तुला माहीत आहेत. पण माझं पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस. तुझ्याकडेच ठेव. मी येऊन वाचीन, तुझ्या टेबलाशी बसून, मोठ्याने, आणि अडखळलो की तू सांगायचंस. रडत येणार नाही, एवढं नक्की.

अर्ध्या पानाचे अठरा डॉलर, फोटोच्या ठशाचे आठ. पर्डीबाईंना देऊन टाक आणि पावती तुझ्याच नावाने घे. मनीऑर्डर सव्वीस डॉलरची आहे.

वेन